नवाबाच्या पेटीतलं बीड आणि कपिलधार

"आज बीडात बत्तीस, कपिलधारला सव्वीस! नवाबसाहेब बीडातच हायेत!"

सकाळी हा पुकारा जिन्यातून वर आला की मी समजायचे, खालांचा दिवस सुरू झाला. नवीन माणसाला वाटायचं, घरमालकीणबाई रेडिओवरचं हवामान सांगत असाव्यात. बाहेर बीड शहरात थंडीनं लोकांचे दात वाजत असायचे आणि या म्हणायच्या बत्तीस! पण खालांचं बीड निराळं होतं. त्यांच्याकडं एक काचेची पेटी होती, माझ्या पलंगाहून लहानच. पेटीची एक बाजू गरम, ते बीड. दुसरी गार, ते धबधब्याचं कपिलधार. आणि या दोन गावांत ये-जा करणारा रहिवासी एकच, नवाबसाहेब. नवाबसाहेब म्हणजे साप. हो, जिवंत साप! हे लिहिताना आजही माझ्या अंगावर शहारा येतो आणि हसूही येतं.

मी मूळची वडवणीची, शेतकऱ्याच्या घरातली. बीडला एका क्लासमध्ये गणित शिकवायचे आणि खालांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. त्या मला 'मास्तरीनबाई' म्हणायच्या आणि मी त्यांना सगळ्या मोहल्ल्यासारखी 'खाला', म्हणजे मावशी. त्यांचा धंदा गाद्या-रजयांचा. खाली कापूस पिंजायचं मशीन आणि मागच्या खोलीत खाला स्वतः टाके घालत बसलेल्या. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीनं चालवलं. पंचक्रोशीतल्या लग्नांना रजई इथूनच जायची. "माझ्या रजईत थंडी शिरली तर पैसे वापस," असं त्या छातीठोकपणे सांगायच्या, आणि पैसे परत मागायला कुणी आलेलं मी पाहिलं नाही.

एकुलता एक मुलगा सलीम पुण्यात नोकरीला होता. पोरानं पुण्यात जाऊन काय करावं, तर अजगर पाळावा! आपल्याकडचे साप पाळायला कायद्यानं बंदी, पण हा आफ्रिकेकडच्या जातीचा, आकारानं लहान आणि सरकारदरबारी रीतसर नोंद झालेला. सलीमला मस्कतला काम मिळालं तेव्हा तो पेटी घेऊन आईच्या दारात उभा राहिला. खाला किंचाळल्या, "तौबा! तुला दुसरं कोणी भेटलं न्हाई व्हय?" पोरगं म्हणालं, "अम्मी, भरवसा तुझ्याबिगर कोणावर ठेवू?"  खालांनी पेटीकडं बघितलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ठेव. पण ध्यानात राहू दे, ही तुझी अमानत हाय. तू येशील तवा जिंदा वापस देईन." त्या दिवसापासून साप जगवणं हा खालांच्या इमानाचा प्रश्न झाला.

'नवाब' हे नाव खालांचंच. काम काही नाही, महिन्यात दोनदा जेवण आणि बिछाना मात्र मनासारखा पाहिजे, म्हणून नवाब. त्याचं जेवण पुण्याहून बर्फात घालून यायचं. ते काय असायचं हे मी इथं लिहीत नाही, कारण वाचणारा कदाचित जेवायला बसणार असेल. त्यासाठी जुना फ्रिज वेगळा घेतला होता आणि त्या फ्रिजमधलं पाणी मोहल्ल्यात कुणी मागितलं नाही.

सलीमनं जाताना सगळं समजावून दिलं होतं. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. तो ऊन-सावली बदलून आपलं अंग सांभाळतो. म्हणून पेटीत एका टोकाला गरम, दुसऱ्या टोकाला गार ठेवायचं, आणि कुठं बसायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. गरम टोकाच्या तळाशी विजेवरची चटई, ती जास्त तापू नये म्हणून थर्मोस्टॅट आणि दोन्ही टोकांना तापमान दाखवणारी सेलवरची यंत्रं. मी हे खालांना आकृती काढून सांगायला बसले तर त्यांनी मला गप्प केलं. "कळलं मला. जेवून नुसतं बीडात बसलं तर उकाड्यानं मरंल, नुसतं कपिलधारला बसलं तर गारठून. दोन्हीकडं जाता आलं पायजे. माणसाचं तरी दुसरं काय असतं?" पेटीचा भूगोल तिथंच ठरला.

उन्हाळ्यात सगळं उलटं झालं. बाहेरच्या बीडानं आतल्या बीडाला मागं टाकलं! पेटी होती त्या पत्र्याच्या खोलीत कपिलधार चौतीसवर गेलं तशा खाला लालबुंद झाल्या. चटई बंद केली आणि पेटी उचलून मागच्या कापसाच्या खोलीत नेली. तिथल्या दगडी भिंती जाड, दुपारीही हात लावला तर गार. पेटीच्या गार टोकाला त्यांनी फुटक्या माठाचं खापर ओलं करून पालथं घातलं. नवाब तासाभरात त्याच्याखाली जाऊन बसला. शेजारच्या एकानं सुचवलं, "खाला, सरळ कूलर लावा की समोर." खाला त्याच्यावर उखडल्या, "कूलरपुढं झोपून तुझं अंग धरतंय, मग याचं न्हाई धरणार?"

माझे वडील एकदा बाजाराच्या दिवशी वडवणीहून गवारीची पिशवी घेऊन मला भेटायला आले आणि खालांच्या खोलीत चहाला टेकले. पाठीमागं काहीतरी सरकल्यासारखं वाटलं म्हणून वळून बघतात तो काय, काचेला नाक लावून नवाबसाहेब! वडिलांच्या हातातला चहा धोतरावर. मी हसून हसून बेजार झाले. सावरल्यावर वडील म्हणाले, "बाई, आमच्या रानात लई साप हायेत. थंडीत गुमान बिळात जातेत, उन्हाळ्यात गुमान बाहेर येतेत. त्येंला कोण यंत्रं लावतंय? तुमीच कावून एवढा जीव टाकताव?"

खालांनी त्यांना दुसरा चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या रानातला बिळात जाऊ शकतो, भाऊ. याला आपण पेटीत कोंडलंय. याचं बीळ आता मीच हाय."

वडिलांनी चहा संपवला आणि जाताना पेटीत वाकून बघितलं. पुढच्या फेरीपासून गावाकडून आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न 'नवाब कुठं हाय, बीडात का कपिलधारला?' असाच असायचा.

आणि मग ती थंडी आली. मोहल्ल्याची डीपी जळाली आणि वीज गेली. वायरमन म्हणाला, नवीन डीपी यायला दोन दिवस लागतील. मी घाबरले, पण खाला अगदी निर्धास्त! "रजईवालीच्या घरात कोणी गारठून मरंल व्हय?" असं म्हणत त्यांनी एका नवरीसाठी शिवून ठेवलेली, घरातली सगळ्यांत जाड रजई काढली आणि पेटीला चारही बाजूंनी लपेटली. वर आणखी एक. पेटी लग्नाच्या रुखवतात मांडावी तशी दिसत होती. खाला समाधानानं झोपायला गेल्या.

सकाळी पुकारा झाला नाही. मी धावत खाली आले. खाला यंत्र हातात धरून उभ्या होत्या. बीड वीस, कपिलधारही वीस! रजईच्या आत! नवाब एका कोपऱ्यात वेटोळं करून पडलेला, तोंड जरासं उघडं आणि श्वासाबरोबर बारीक शिट्टी. खालांना आधी रागच आला. "यंत्र बिघडलंय. माझी रजई आन् वीस?" त्या तशाच स्वतःच्या रजईत शिरल्या, यंत्र पोटाशी धरलं आणि आतून ओरडल्या, "बघ, तेहतीस!" पण रजईतून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"रजई ऊब देत न्हाई गं, मास्तरीनबाई. आपलीच ऊब आपल्याला वापस देती. या बिचाऱ्याकडं द्यायलाच काई न्हाई."

इतकी वर्षं रजया शिवणाऱ्या बाईनं ही चूक करावी आणि तिनंच ती रजईत शिरून शोधावी! पण खेद करत बसायला वेळ कुणाला होता? खालांनी दारात जाऊन हाक दिली आणि सगळा मोहल्ला कामाला लागला. ज्याच्या त्याच्या गॅसवर पाण्याची पातेली चढली. कुणी शेकायच्या रबरी पिशव्या आणल्या, कुणी प्लास्टिकच्या बाटल्या. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं चहा बंद ठेवून नुसतं पाणी उकळलं. गरम बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या बीडाच्या बाजूला बाहेरून लावायच्या आणि त्यावरून रजई. आता तीच रजई अशी काम करायला लागली म्हणता! मी यंत्राजवळ बसून आकडे ओरडत होते, बावीस, चोवीस, सत्तावीस, आणि गल्लीतली माणसं क्रिकेटचा स्कोअर ऐकावा तशी टाळ्या वाजवत होती. तिसावर नवाब हलला. खाला मटकन खाली बसल्या आणि ओढणीत तोंड लपवून रडल्या.

वीज आली तरी नवाबाच्या श्वासातली शिट्टी राहिली. छातीत सर्दी भरली होती. आमच्या गुरांच्या डॉक्टरांनी पुण्याच्या सापांच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून इंजेक्शनं दिली आणि पहिल्या इंजेक्शननंतर स्वतःच घाम पुसत चहा मागितला. पण नवाबानं खाणं सोडलं. महिना गेला. पुढ्यात ठेवलेलं तसंच राहायचं. सलीमचा फोन आला की खाला खरं ते सांगायच्या, एक अक्षर लपवायच्या नाहीत, आणि फोन ठेवला की म्हणायच्या, "त्याला तोंड कसं दाखवू?" बीड तेहतीसच्या वर जाऊ द्यायचं नाही, एकतीसच्या खाली येऊ द्यायचं नाही, यावर त्यांनी टाके घालता घालता अशी नजर ठेवली की दोन रजयांचे टाके वाकडे गेले. ग्राहकानं तक्रार केली तर म्हणाल्या, "माझ्या घरात आजारी माणूस हाय."

मग एका दुपारी मी क्लासहून येत होते तर गल्लीच्या तोंडाशीच ओरडणं ऐकू आलं, "खाल्लं! मास्तरीनबाई, खाल्लं गं! एका घासात!" भर रस्त्यात खाला, डोक्यावरची ओढणी घसरलेली, आणि त्यांच्या हातात जिलेबीचा पुडा. मोहल्ल्यात घरोघर जिलेबी गेली. ईदेला तेवढी गेली नसेल. मीही नाचले. सापासाठी नाचले!

सलीम मस्कतचं काम संपवून आला. आता पुण्यात स्वतःचं घर झालं होतं. पेटीपुढं उकिडवा बसून तो बराच वेळ बघत राहिला. नवाब जाडजूड झाला होता, कात टाकून नवा कोरा दिसत होता. "अम्मी," तो म्हणाला, "माझ्यापेक्षा तुझ्यापाशीच ह्याचं बरं हाय. राहू दे इथंच."

मला वाटलं, हो म्हणा, खाला, हो म्हणा! त्यांनाही हो म्हणायचं होतं. ते त्यांच्या डोळ्यांत मला लख्ख दिसलं. पण त्या म्हणाल्या, "तू दिलतास तवा हा माझा नव्हता. आता जीव लागला म्हणून माझा होतो का? घेऊन जा."

आता एक गोष्ट सांगायला हवी. एवढ्या काळात खालांनी नवाबाला एकदाही हात लावला नव्हता. लोखंडी आकडा, लांब चिमटा आणि मध्ये काच, सगळा कारभार असाच. सापाची भीती त्यांची कधी गेलीच नाही. भीत भीतच त्यांनी त्याला वाढवलं.

सलीमनं त्याला उचलून प्रवासाच्या कापडी पिशवीत घालायला घेतलं तशा खाला म्हणाल्या, "थांब." ओढणीला हात पुसला, डोळे घट्ट मिटले, ओठ पुटपुटत होते, आणि त्यांनी उजवा तळवा नवाबाच्या पाठीवर ठेवला.  खालांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर असा आनंद, असा नवलाचा आनंद, की मला शब्दांत सांगता येणार नाही.

"अगं, हा गार न्हाई!"

गाडी पुण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दारात उभ्या होतो. मग मी चहा केला. डाव्या हातानं कधी पाण्याचा घोटही न घेणाऱ्या खालांनी त्या दिवशी कप डाव्या हातात घेतला. उजवी मूठ त्यांनी मिटून ओढणीत धरून ठेवली होती.