दिव्यांच्या टेबलावर अक्का

गेल्या जानेवारीत पाटणच्या मैदानावर एका महानाट्याच्या दुसऱ्या अंकात ध्वनी बंद पडला. नट जागच्या जागी थांबले. दिवे मात्र बदलत राहिले. ते चालवणाऱ्या अक्कांना ऐकू येत नाही, हे नाटकमंडळींना त्या संध्याकाळी कळले.

अक्का सांगलीजवळच्या एका जैन शेतकरी घरातल्या. भावाच्या मंडपाच्या धंद्यात दिवे बांधता बांधता त्या नाटकाच्या प्रकाशयोजनेपर्यंत आल्या. लग्न केले नाही. भावाच्या घरी राहत, पण वर्षाचे निम्मे दिवस दौऱ्यावर. त्या मंडळींच्या प्रसिद्धीचे काम मी तीन हंगाम पाहिले, तेव्हा अक्का पन्नाशीच्या पुढे होत्या. त्यांच्याशी बोलायचे तर समोर उभे राहावे लागे. पाठमोऱ्या माणसाला त्या उत्तर देत नसत. नवी पोरे याला मिजास म्हणत.

तंत्रज्ञ एकमेकांशी बोलायला वापरतात तो हेडफोन त्यांनी कधी घातला नाही. तो टेबलावर पडून असे. ध्वनी सांभाळणारा दीपक यावरून वैतागायचा.

“आवं अक्का, घाला की ते कानाला. किती वरडायचं मी?”

“वहिनी घरात दिवसभर बोलती, ती कमी हाय व्हय? त्यात तुझी कशाला भर?”

सगळे हसत आणि विषय तिथेच संपे.

पूर्वी अक्का संवादांच्या शब्दांवर दिवे बदलत. नंतर काही प्रयोगांत त्यांचे दिवे उशिरा आले. व्यवस्थापकाने नवा माणूस शोधायला सुरुवात केली होती. त्याच सुमारास टाइमकोड आला. महानाट्यातले संवाद आणि संगीत आधीच ध्वनिमुद्रित असते; नट फक्त ओठ हलवतात. त्या मुद्रणासोबत वेळेचा एक संकेत तारेतून दिव्यांच्या यंत्राकडे जातो. अमुक मिनिटाच्या अमुक सेकंदाला पहाट, अमुकला लढाई, असे एकदा भरून ठेवले की दिवे आवाजाबरोबर आपोआप बदलतात. यंत्राच्या पडद्यावर आकडे पळत असतात.

जुने लोक यावर नाराज होते. अक्का नव्हत्या. कुपवाडच्या एका गोदामात त्यांनी आठवडाभर बसून सगळा प्रयोग आकड्यांत बसवला. “आता माझी चूक व्हायची न्हाई,” असे त्या मला म्हणाल्या. त्यानंतर खरोखरच झाली नाही. व्यवस्थापकाने शोध थांबवला.

मैदानात तारा लांब असतात. कुणाचा तरी पाय पडतो, संकेत क्षणभर तुटतो. तो परत येईपर्यंत यंत्राने स्वतःच आकडे मोजत राहावे, अशी सोय असते. किती वेळ मोजावे, हे आपण ठरवायचे. बाकीचे लोक काही सेकंद ठेवतात.

“तुमी कितीवर ठिवलंय?” दीपकने एकदा विचारले.

“थांबूच नगं म्हणून सांगितलंय त्याला.”

पाटणला ध्वनीच्या बाजूची वीज गेली. दिव्यांचे जनित्र वेगळे होते. संकेत तुटला, आणि अक्कांचे यंत्र सांगितल्याप्रमाणे मोजत राहिले. नायक दरबारात हात उंचावून उभा होता. त्याचा चेहरा दाढीत होता, आणि टेबल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. तिथून ओठ दिसत नाहीत. मुक्या रंगमंचावर दरबाराचा पिवळा उजेड गेला, लढाईचा लाल आला, धूर सुटला. लोक आधी हसले. मग शिट्ट्या सुरू झाल्या. दीपक हेडफोनवर हाका मारत होता. शेवटी तो मैदान ओलांडून पळत आला आणि त्याने अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला. मी शेजारी होतो.

अक्का आकड्यांवरची नजर न काढता म्हणाल्या, “जरा दम धर रं, आता वीज पडायची हाय.”

वीज पडली. पांढऱ्या उजेडात त्यांनी वर पाहिले, तेव्हा पुढच्या रांगांतले लोक मागे वळून त्यांच्याकडे बघत होते.

प्रयोग संपल्यावर व्यवस्थापक आला. तो त्यांना मान देणारा माणूस होता. “अक्का, तुमी आता इश्रांती घ्या,” तो खाली बघत म्हणाला. अक्कांनी “काय?” म्हणून विचारले. त्याने पुन्हा सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले. तिसऱ्या वेळी तो मान वर करून ओरडला, आणि तारा गुंडाळणाऱ्या पोरांचे हात थांबले.

“व्हय,” अक्का म्हणाल्या. “एवढं मोठ्यानं कशाला?”

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासले. कानाची नस गेलेली आहे, ऐकण्याचे यंत्र लावून उपयोग नाही, असे त्यांनी भावाला सांगितले.

महानाट्याचे प्रयोग चालू आहेत. दिवे अक्कांनी भरलेल्या आकड्यांवरच चालतात. दीपक एक बटण दाबतो. दिव्यांच्या टेबलावर आता कुणी बसत नाही.

अक्का मे महिन्यापासून कुपवाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला जातात. पहिली पाळी असते. भोंगा झाला की शेजारची बाई त्यांच्या हाताला हात लावते.