वाऱ्याचा डोळा

नागपुरात कूलर म्हणजे घरचा जावई. होळी झाली की त्याला माळ्यावरून मानानं उतरवायचं, नवा वाळा भरायचा आणि घरातली सगळ्यात चांगली खिडकी त्याला देऊन टाकायची. सत्तरच्या दशकात मी सांगलीहून इथं इंग्रजीची शिक्षिका म्हणून आले, तेव्हा मला हे कुठलं ठाऊक! प्रताप नगरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीला खिडकी एकच. घरमालकांनी मोठ्या मायेनं स्वतःचा जुना कूलर तिच्यात ठोकून बसवला आणि म्हणाले, "आता पाहा बाई, उन्हाळा कसा जाते ते!"

गेला कसला, बसून राहिला. कारण त्या खिडकीतच माझा सगळा गोतावळा होता. बोळापलीकडे, हात लांब केला तर भाजीची वाटी देता येईल एवढ्यावर, एका काकूंची खिडकी होती. मुलं भिलाईला, नवरा फोटोत, घरात त्या एकट्या. मी शाळेतून आले की "जेवली का वं?" अशी हाक यायची. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. आता मध्ये पत्र्याची पेटी घरघरत होती.

तुम्ही म्हणाल, जायचं की उठून. गेले होते एकदा. त्यांचं दार पार पलीकडच्या गल्लीत. दोघी खुर्च्यांवर अवघडून बसलो, सरबत झालं, आणि खिडकीत जे बोलणं संपता संपायचं नाही ते तिथं सुरूच होईना. मी लवकर उठले.

एप्रिलात सकाळची शाळा असायची. एक दिवस ग्रंथालयातल्या जाडजूड शब्दकोशात भलतंच काही शोधताना 'विंडो' दिसला. उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ मुलखातून इंग्रजीत आलेला शब्द. त्याचे तुकडे दोन, वारा आणि डोळा. तिथं तेव्हा खिडकीला काच नव्हती, भिंतीत नुसतं भोक. वारा त्यातून आत यायचा. म्हणून वाऱ्याचा डोळा. आणि आपलं गवाक्ष? तेही गाईबैलाचा डोळाच की! कुठले ते, कुठले आपण, आणि भिंतीतल्या भोकात दोघांनाही डोळाच दिसला. मी हरखून गेले. धावत शिक्षकांच्या खोलीत जाऊन सांगितलं, तर एक बाई पेपर तपासता तपासता म्हणाल्या, "परीक्षेला आहे का हे?"

जळ्ळं मेलं लक्षण! घरी येऊन ताट वाढून घेतलं आणि मला रडूच आलं. दुःख एकटीनं गिळायची सवय झाली होती. आनंद मात्र घशाखाली उतरेना.

मी तशीच उठले आणि घरमालकांना म्हटलं, "कूलर काढा."

"येड लागलं का बाई? बाहेर लू चालून राहिली!"

"काढा म्हणते ना!"

त्यांनी पुटपुटत काढला. भट्टीचं दार उघडावं तशी झळ आत आली. पलीकडे काकूंचा वाळ्याचा ओला पडदा हलला, मागून डोकं बाहेर आलं.

"काहून वं? भाजून मरशीन ना!"

"काकू, तुम्हाला एक सांगायचं होतं."

सगळं सांगितलं. वारा, डोळा, बर्फाचा मुलूख, गाईचा डोळा. पडदा हातानं बाजूला धरून, तोंडावर झळा झेलत त्या ऐकत राहिल्या.

"म्हंजे वारा आपल्याले पाहून राहिला का?"

"तसंच म्हणा."

काकू पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "बरं हाय मंग. तुही खिडकी बुजली तवापासून मले वाटे, आता आपल्याले कोणीच पाहून नाही राहिलं."

त्या उन्हाळ्यात कूलर परत बसला नाही. दोघी चांगल्या भाजून निघालो.