बिनमाशांचा समुद्र

दौंडच्या रेल्वे कॉलनीत किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. ड्युटी संपवून माणसं चहाला टेकली की ते आपोआप साठतात, यार्डात डबे साठतात तसे. कधीतरी इंजिन लागतं आणि एकामागोमाग एक निघतात!

आमच्या अड्ड्यावर आम्ही तिघं. मी तिकीट तपासनीस. सलीम इलेक्ट्रिक सेक्शनला. आणि बापू, मालगाडीचे गार्ड. हल्ली त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण तशी हाक मारली की बापू मागं वळून बघतात, साहेब कोण आलाय म्हणून!

आज सांगतोय ते किस्से बापूंच्या समुद्राचे. हसायला येईल, हसा. मीही हसत सांगायला बसतो आणि मग मध्येच मला बोलवत नाही. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

*

बापूंची बायको सुमनवहिनी मांडवगण फराट्याच्या. त्यांचा आजार कळला तो फार उशिरा. पुण्याच्या डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, मग बापूंना एकट्याला बाहेर नेऊन सांगितलं, "आता त्यांना आवडेल ते करा."

झाली पंचाईत! बापूंची सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये गेलेली. बायकोला काय आवडतं हे त्यांना कुठून ठाऊक असणार? घरी येऊन त्यांनी सरळ विचारूनच टाकलं.

"मासे पाळा," वहिनी म्हणाल्या.

"एवढंच? उद्या आणतो की गोल्डफिश."

"गोड्या पाण्यातलं नकोत. भीमेचं मासं जन्मभर बघितलं आन् खाल्लं. समुद्रातलं पायजेत."

बापूंनी हे अड्ड्यावर सांगितलं, तेव्हा मला लगेच आठवलं. आम्ही सगळे एकदा कोकणात सहलीला गेलो होतो. तिथल्या हॉटेलात अशी एक रंगीत माशांची टाकी होती. सगळ्यांची जेवणं झाली, वहिनींचं ताट गार झालं, तरी त्या काचेसमोरून हलल्या नव्हत्या. बापू त्या सहलीला नव्हते. ड्युटी होती.

*

समुद्राचं पाणी घरी तयार करायचं तर त्याचं वेगळं मीठ मिळतं. ते आणायला बापू आणि सलीम पुण्याला गेले. परत येताना डेमू गाडीत नेमकी माझीच ड्युटी. दोघांच्या मध्ये मिठाची ही मोठी बादली.

समोरच्या बाकावरच्या आजोबांना राहवेना. "काय ओ पाव्हणं, एवढं मीठ? लोनच्याचा धंदा हाय का?"

"न्हाई," बापू शांतपणे म्हणाले, "घरात समुद्र करायचाय!"

आजोबा आपली पिशवी उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

*

आमच्या बोअरचं पाणी क्षारांचं. समुद्राला ते चालत नाही म्हणे! मग शुद्ध पाण्याचे जार मागवले. एकामागून एक जार उतरवताना जारवाला दारातूनच म्हणाला, "बापू, कार्य हाय का काय घरात?"

बापू काही बोलायच्या आत आतून वहिनींचा आवाज आला. "हाय, पण तारीख धरली न्हाई अजून!"

जारवाला खळखळून हसला. बापूंनी रिकामा जार उचलला आणि उगीचच अंगणात नेऊन ठेवला.

*

नवी काचेची टाकी भरली. मीठ विरघळलं, समुद्रातले दगड आले, पंप सुरू झाला, निळा लाइट लागला. वहिनींची कॉट बाहेरच्या खोलीत टाकीसमोर आणली. आता उद्या मासे, अशा थाटात बापू पुन्हा पुण्याला निघाले, तेव्हा सलीमनं त्यांना अडवलं. त्यानं सगळं नीट वाचून, दुकानदाराला विचारून घेतलेलं होतं.

नव्या पाण्यात मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीच्या विषानं मरतो. ते विष खाऊन टाकणारे बारीक जंतू आधी पाण्यात वाढावे लागतात. ते वाढले, की टाकी 'सायकल' झाली असं म्हणायचं. तोवर टाकी नुसती चालवायची, मासा नाही.

"किती दिवस?" बापूंनी विचारलं.

"महिना. दीड महिना. कवा कवा जास्तच."

बापू बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळत राहिले. मग हळूच म्हणाले, "सलीम, आपल्याकडं एवढं दिवस हायेत का रं?"

सलीम पंपाची पिन काढून परत लावत बसला.

*

वहिनींचे थोरले भाऊ आबा मांडवगणहून बघायला आले. फुलशेती करणारा माणूस. टाकीला एक चक्कर मारून म्हणाले, "दाजी, ह्यात मासं कुठंयत?"

बापूंनी सगळं समजावलं. आबांना ते आमच्याहून लवकर पटलं. "म्हंजी शेणखतावानी! कच्चं घातलं की रोप जळतंय. कुजू द्या निवांत. पर तवर सुमीनं काय नुसतं पानीच बघायचं?"

वहिनी कॉटवरून म्हणाल्या, "मग? मोटार चालू करून बांधावर बसल्यावर तुमी काय बघता आबा? पानीच की!"

आबा हसले. मग बहिणीच्या पायथ्याशी बसले आणि बराच वेळ दोघंही पाणीच बघत राहिले.

*

त्या जंतूंना खायला घालावं लागतं. त्यासाठी पाण्यात एक कोळंबी टाकून ती सडवायची. बापूंनी टाकली. दोन दिवसांत असा वास सुटला की शेजारच्या माळकरी माई पदर नाकाला लावून दारात!

"बापू, उंदीर मेलाय का बघा जरा कपाटामागं."

"उंदीर न्हाई माई. जेवान चाललंय."

"कुनाचं?"

"जंतूंचं!"

माई 'विठ्ठल विठ्ठल' करत परत फिरल्या. मी आणि सलीम तिथंच होतो. वहिनी मला म्हणाल्या, "बघा भावजी! एवढा संसार झाला, माझ्यासाठी कवा कोळंबी आनली न्हाई ह्यांनी. जंतूंसाठी पुन्याहून आनली!" आणि जे हसायला लागल्या! हसता हसता ठसका लागला. तो ठसका थांबेना. बापू पाण्याचा पेला धरून उभे, वहिनींना घोट घेता येईना, आणि आमच्या तोंडावरचं हसू कुठं लपवावं हे आम्हाला कळेना.

*

पाणी तपासायची एक बारकी काचेची नळी असते. तिच्यात टाकीतलं पाणी घ्यायचं आणि औषधाचे थेंब टाकायचे. हिरवा रंग आला तर पाण्यात विष आहे, पिवळा आला तर गेलं. बापू रोज सकाळी नळी उजेडात धरायचे. रोज हिरवी!

त्याच सुमारास वहिनींच्या रक्ताच्या तपासण्या चालू होत्या. एकदा मी चहाला बसलो होतो. बापूंच्या एका हातात नळी, दुसऱ्या हातात रक्ताचा रिपोर्ट.

"काय म्हणतंय बापू?"

"काय म्हननार? ह्यातलं विष खाली येईना, आन् तिच्यातलं रक्त वर येईना!"

त्यांनी ते हसत सांगितलं. मी चहाचा कप तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. तोंड लपवायला तेवढंच होतं.

*

मग टाकी तपकिरी झाली. दगड, काच, वाळू, सगळ्यावर एक घाणेरडा थर. औषधांनी वहिनींचे केस गेले तेही त्याच आठवड्यात. बापू ब्लेड घेऊन काच खरवडायला निघाले, तर सलीम ओरडला, "राहू द्या! नवीन टाकीत असंच होतं. चांगलं लक्षण हाय!"

वहिनींनी डोक्याचा रुमाल सारखा केला. "ऱ्हाऊ द्या की ओ. घरात माझ्यापेक्षा वाईट दिसनारं काय तरी आलं एकदाचं!"

त्या एकट्याच हसल्या.

*

वहिनींचं खाणं सुटलं तेव्हा सलीमचा धीरही सुटला. कुणालाही न विचारता तो पुण्याला जाऊन एक मासा घेऊन आला. नारंगी, अंगावर पांढरे पट्टे, पिशवीतल्या पाण्यात गरगर फिरणारा. "सोडा बापू! दोन दिस जगला तरी बास. वहिनी बघतील तरी!"

बापूंनी कात्री घेतली. पिशवीचं रबर कापणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "पिवळं आलं का पानी?"

बापूंनी हिरव्या नळीकडं बघितलं.

"मग? माझ्यापायी त्याला मारताय व्हय? एक मरतंय घरात, तेवढं बास हाय की!"

बापूंनी कात्री ठेवली आणि ते आत गेले. स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ वाहत होता.

सलीम मासा परत करायला संध्याकाळच्या डेमूत बसला, तेव्हाही ड्युटी माझीच. पिशवी मांडीवर. डब्यात कुणीतरी मला चिडवलं, "टीसी साहेब, ह्या माशाचं तिकीट बघितलं का?"

"पास आहे त्याला," मी म्हणालो. "रेल्वेवाल्याच्या घरचा आहे."

सगळा डबा हसला. सलीम खिडकीबाहेर बघत होता. केडगाव येईपर्यंत त्याचे डोळे वाहतच होते.

*

आणि ही ती दुपार. आबा आलेले, मी आणि सलीम होतो. वहिनींचे डोळे आता बहुतेक मिटलेलेच असायचे. बापू टाकीपाशी नळी हलवत उभे होते.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "झालं का पानी?"

बापूंनी नळी उजेडात धरली. हिरवी! त्यांनी ती शर्टाच्या खिशात घातली.

"झालं."

"मग सोडलं का मासं?"

"सोडलं की. सकाळीच."

"किती?"

"दोन."

"काय करत्यात?"

इथं बापू अडकले. अड्ड्यावर ते नेहमी ऐकणारे. त्यांना कधी दोन वाक्यं रचून सांगता आली नाहीत.

सलीम पुढं सरकला. "वहिनी, एक नारंगी हाय, लई चावट! काचेला तोंड लावून तुमच्याकडंच बघतोय."

"दुसरा निळा आहे," मी म्हणालो. "पंपाच्या धारेत शिरतो, मागं फेकला जातो, की परत निघतो शहाणा!"

आबांनी टॉवेलनं डोळे पुसले. "सुमे, खायला टाकलं तर भांडत्यात बघ दोघं. लहानपनी तू आन् मी भांडायचो तसं."

बापू वहिनींचा हात धरून बसले होते. पंपाचं पाणी खळखळत होतं. आम्ही तिघं सांगत होतो, एकमेकांचं तोडून सांगत होतो. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या, चेहऱ्यावर बारीक हसू. मग त्यांनी विचारलं,

"आन् तिसरा?"

बापू म्हणाले, "कुठला तिसरा, सुमन?"

"त्यो काय, उजव्या अंगाच्या दगडामागं. बारका हाय. तुमी सगळी एवढी बोलताय, भिऊन बसलाय त्यो. जरा गप बसा. येईल भाईर."

आम्ही चौघं गप्प बसलो आणि त्या दगडाकडं बघत राहिलो.