बार्शीचं स्थळ आणि पंचेचाळीस व्होल्टांचा माइक

आमच्या दाजींनी आणलेल्या कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, असा आमच्या घरात नियमच होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सोलापुरी चादरी घेऊन गावोगाव फिरायचे आणि परतताना काहीतरी 'स्वस्तात पडलं' म्हणून उचलून आणायचे. त्या वर्षी त्यांनी दोन गोष्टी आणल्या. माझी धाकटी बहीण सुमन, तिच्यासाठी बार्शीचं एक स्थळ. आणि माझ्यासाठी मुंबईहून एक जुना कंडेन्सर माइक. मला दोन्हींचा संशय आला.

माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. या धंद्यात गिऱ्हाईक खोक्यासमोर ठाण मांडून बसतं. का, तर आपण आतला चांगला पार्ट काढून घेऊ आणि सडका घालू! वर्षानुवर्षं लोक असं टक लावून बघत राहिले की माणसाचीही नजर बिघडते. माझी तर पारच बिघडली होती.

स्थळ तसं चांगलं होतं. मुलगा शाळेत मास्तर. एकदा येऊन पोहे खाऊन गेला होता आणि सुमनला तो मनापासून आवडला होता. हुंडा नको म्हणाले. फक्त मुलाच्या आईचा पाय मोडला होता, त्यांना सोलापूरला येता येत नव्हतं. त्यांना गाण्याची आवड, म्हणून मुलीचं एक गाणं टेप करून पाठवा, ते ऐकून होकार कळवू, असा निरोप होता.

"हुंडा नको आणि गाणं हवं?" मी दाजींना म्हटलं. "यात काहीतरी गोम आहे."

"गोम तुझ्या डोक्यात आहे वसंता. टेप कर गुमान. मी बुधवारी बार्शीला चाललोय, घेऊन जातो."

सुमननं मला स्वयंपाकघरात गाठलं. "दादा, हे स्थळ तुझ्यामुळं मोडलं ना, तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही." तिचे डोळे भरून आले होते.

आता बहिणीच्या लग्नाचा प्रश्न, म्हणजे टेपरेकॉर्डरच्या अंगच्या माइकवर कसं भागवायचं? मी दाजींनी आणलेला कंडेन्सर माइक काढला आणि आवाज वाढवणाऱ्या माझ्या प्रीअ‍ॅम्पला जोडला. हा प्रीअ‍ॅम्प मी भजनी मंडळाच्या माइकसाठी बनवला होता. तो माइक म्हातारा होऊन इतका मंदावला होता की त्याचा आवाज बाहेर काढायला मी प्रीअ‍ॅम्पात भरमसाट ताकद घातली होती. तर असा हा दांडगा प्रीअ‍ॅम्प, त्याला मुंबईचा माइक, आणि आवाज? काही नाही. हॅलो म्हटलं, टिचक्या मारल्या, फुंकर घातली. ढिम्म.

"दाजी, तुम्हाला गंडवलं. आतला माल काढून घेतलाय."

"छे! माझ्यासमोर वाजवून दाखवला की." मग दाजी जरा घुटमळले. "एक डबा जोडून दाखवला होता. तो म्हणत होता, याला वायरीतूनच अठ्ठेचाळीस व्होल्ट द्यावे लागतात, डबा पण घेऊन जा. मी म्हटलं, माइक घ्यायला आलोय, डबे नको गळ्यात मारू."

म्हणजे मुंबईच्या त्या भल्या माणसानं खरं सांगितलं होतं आणि आमच्या घराण्याला साजेसा संशय घेऊन दाजी माइकचा जीवच तिथं सोडून आले होते!

माझी बायको मालती मंद्रूपची. ती हे सगळं भाकरी थापत ऐकत होती. "माइकात करंट सोडायचा? आन् त्याच्यापुढं सुमनला हुबी करायची? लग्नाआदीच पोरीला शॉक देताव व्हय?"

"अगं, नुसते व्होल्ट असतात, करंट नावालाच असतो."

"मग आदी तुमी गावा."

दुकानातल्या नऊ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या मी एकामागं एक जोडल्या. पंचेचाळीस झाले. जुन्या पत्र्याच्या डब्यात त्या बसवल्या, मधे रेझिस्टन्स टाकले, वायर जोडली आणि देवाचं नाव घेऊन माइकसमोर तोंड उघडलं. शॉक बसला नाही. कानाला हेडफोन होता, त्यात मात्र खटाक्‌ खटाक्‌, खटाक्‌ खटाक्‌ एवढंच ऐकू आलं. माइक जिवंत झाला होता, आणि सगळ्यात आधी त्यानं शेजारचे माग ऐकले.

आमची गल्लीच मागांची. भिंतीला भिंत लागून टॉवेल विणायचे कारखाने. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही, इतका अंगवळणी पडलेला. (त्यामुळं आमच्या गल्लीत सगळे ओरडूनच बोलतात. आमची कुजबूज इतर गावांत भाषण म्हणून खपेल.) भजनी मंडळाच्या माइकला जवळचं तेवढंच कळायचं. या मुंबईच्याला सगळी गल्ली कळत होती.

"माग बंद झाल्याशिवाय टेप होणार नाही," मी जाहीर केलं.

"माग कदी बंद पडतेत?" मालती म्हणाली. "लाईट गेल्यावर."

आणि मला साक्षात्कार झाला. टेपरेकॉर्डर सेलवर, प्रीअ‍ॅम्प सेलवर, माइकचा डबा बॅटऱ्यांवर. आम्हाला लाईट हवी कशाला? सोलापुरात बाकी कशाचा भरवसा नसला तरी लाईट जाण्याचा होता. बुधवारी दुपारी सुमन नवी साडी नेसून, गळा साफ करून माइकसमोर बसली. दाजी पिशवी घेऊन दारात. त्यांना एसटी गाठायची होती. आणि सगळं घर लाईट जायची वाट बघत बसलं.

गेली! एकदम सगळीकडं शांत झालं. मी प्रीअ‍ॅम्पचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं, कारण डब्यातल्या बॅटऱ्या गाण्याच्या मधेच दगा देतील असा मला संशय होता. कंडेन्सर माइक मुळातच दणकट आवाज देतो, त्याला एवढी ताकद लागत नाही, हे मला नंतर कळलं. सुमननं डोळे मिटून अभंग सुरू केला. सुरेख गात होती पोरगी. मी पाय न वाजवता मागच्या दारी मालतीपाशी गेलो आणि मन मोकळं केलं. अगदी हळू. म्हणजे आमच्या गल्लीच्या मानानं हळू.

गाणं संपलं आणि लाईट आली. मागांच्या खडखडाटात आम्ही टेप कानाला लावून ऐकली. गाणं वाजतंय एवढं कळलं. दाजींनी कॅसेट पिशवीत टाकली आणि स्टँडकडं पळाले.

मग बार्शीहून काहीच कळेना. सुमन माझ्यापुढं ताट ठेवायची ते आदळून. मी म्हटलं, दाजी कॅसेट एसटीत विसरले असणार.

मागांच्या सुट्टीच्या दिवशी दारात टांगा थांबला. मास्तर उतरले, त्यांनी आईला हात दिला. आईच्या पायाला प्लॅस्टर, काखेत कुबडी आणि मास्तरांच्या हातात आमची कॅसेट. बाई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "जरा लावा बरं ही."

गल्ली शांत होती. टेप सुरू झाली. सुमनचा आवाज फाटक्या पत्र्यासारखा खरखरत होता, एक शब्द कळत नव्हता. प्रीअ‍ॅम्पनं त्याचा चोथा केला होता. आणि त्या खरखरीत, सुमन श्वास घ्यायला थांबली की, लांबचा, अगदी स्वच्छ, माझा आवाज. "पाय मोडलाय कशावरून? यायचं टाळतायत." खरखर. "हुंडा नको म्हणणारे लोक मी नाही बघितले." खरखर. "आणि मालते, त्या मास्तराचे केस बघितलेस? एवढे दाट कुणाचे असतात? टोप असणार, लिहून घे." मग मालती, "हळू बोला की." मग मी, "हळूच बोलतोय."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

"गाणं कळलं नाही, म्हणून समक्ष ऐकायला आले," बाई शांतपणे म्हणाल्या. "मुलीला बोलवा."

सुमन आली. माइक नाही, डबा नाही. बाईंसमोर बसली, गायला लागली आणि बाईंनी कुबडी बाजूला ठेवून ताल धरला. गाणं संपल्यावर त्यांनी तिला जवळ ओढलं आणि डोळे पुसले. "मुलगी पसंत आहे. हुंडा तेव्हाही नको होता, आत्ताही नको. आता तुमची खात्री होऊ दे. पाय बघितलात. बाळ, पुढं हो."

मास्तर उठले, माझ्यासमोर आले आणि मान खाली घालून उभे राहिले. "ओढून बघा, दादा."

बाईंच्या शेजारून सुमन माझ्याकडं बघत होती. कुणीही शहाण्या माणसानं तिथं हात जोडून माफी मागितली असती. मी ओढले. केस पक्के होते.

मग मागच्या बाजूचेही ओढून बघितले.