पत्रा आटवणारी

प्रयोगशाळेत तिला सगळे भट्टीबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती एकाच भट्टीपुढे उभी होती. आतली हवा पंपाने ओढून घ्यायची, टंगस्टनचा नखाएवढा पत्रा ठेवायचा आणि हजार अंशांच्या वर तापवायचा, हे तिचं काम. त्या पत्र्याला केसाहून कितीतरी बारीक अशी लाखो भोकं. अशी जाळी तापली की वाटेल तसा उजेड फेकत नाही. समोरच्या सेलला पचेल तेवढाच सोडते आणि सेल त्याची वीज करतो. गोम एकच होती. एवढ्या आचेत भोकांच्या कडा सुटायच्या आणि दोन दिवसांत जाळीचा नुसता गुळगुळीत पत्रा व्हायचा.

त्यावर तोड तिने काढली, तीही घरी. नणंद शिवणकाम करी. एकदा कापड बादलीत बुडवताना म्हणाली, "आधी आटवून घेतलं नाही तर अंगात घातल्यावर आटेल आणि शिव्या मला बसतील."

झालं. दुसऱ्या दिवशी भट्टीबाईने भोकं पाडायच्या आधीच कोरा पत्रा चढ्या आचेत दिवसभर तापवला. आतले कण जे काय सरकायचे, वाढायचे ते सरकून, वाढून मोकळे झाले. मग भोकं पाडली. ती जाळी महिनाभर तापली, एक कड हलली नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख सर खूश. त्यांचा जाळीवरचा लेख छापून आला तेव्हा त्यावर चार नावं होती, तिचं नव्हतं. आटवण्याची पायरीही नव्हती.

"सर, ती पायरी?"

"ती लिहिली तर कुणाची म्हणून विचारतील. उगाच फाटे फुटतात. तुम्ही नेहमी करताच आहात की, बाई."

त्या दिवशी घरी तिने भांडी अशी आदळली की नणंद मशीन थांबवून आली. "वहिनी, पातेल्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"पातेल्यांनी नाही, वन्स."

"मग ज्याने मारलंय त्याला आदळा. माझ्या पातेल्यांना पोचे का पाडता?"

संधी सहा महिन्यांनी स्वतःच्या पायांनी आली. एका कंपनीला ही जाळी हवी होती. त्यांच्या इंजिनिअर बाई कोरा पत्रा आणि छापील लेख घेऊन हजर. "मी ओळ वाचते, तुम्ही तसंच करा. एक अक्षर इकडचं तिकडे नको."

"अवश्य," सर हसले. "आमचं सगळं उघडं आहे."

पत्रा घासून आरसा झाला. इंजिनिअर बाईंनी पुढची ओळ वाचली, "आता भोकं कोरावीत."

भट्टीबाईने पत्रा चिमट्यात धरला आणि सरांकडे पाहिलं. अगदी निवांत पाहिलं. "सर, इथे काही राहिलंय का?"

सरांनी तोंड उघडलं. इंजिनिअर बाईंनीही मान वर केली. हो म्हणावं तर लेख खोटा ठरतो.

"नाही. लिहिलंय तेवढंच."

"नक्की ना? मागाहून मला बोल नको."

"सांगितलं ना, बाई!"

ते 'नाही' ती घरी पोचेपर्यंत चघळत राहिली.

जाळी चाळीस तासांत गेली. इंजिनिअर बाईंनी सूक्ष्मदर्शकात एकदाच डोकावलं आणि लेख घडी करून पर्समध्ये टाकला.

तिसऱ्या दिवशी सर भट्टीच्या खोलीत आले. "ताई, नाक कापलंत माझं."

"आज ताई?"

"तुमचं नाव घालतो. दुरुस्ती छापून आणतो. त्या बाईंना पुन्हा करून दाखवू."

"लिहा मग. इथेच."

तिने खुर्ची दिली नाही. सरांनी वाकून, उभ्यानेच लिहिलं: 'पत्रा आधी तापवण्याची पायरी आमच्या भट्टी तंत्रज्ञांनी शोधली. तिचा उल्लेख अनवधानाने वगळला गेला.' खाली तिचं पूर्ण नाव, एकही चूक न करता.

तिने दोनदा वाचलं. हवं होतं ते कागदावर आलं होतं. पण तेवढ्याने पोट भरेना.

"'अनवधानाने' खोडा."

"अहो, मग मी पुरता उघडा पडेन. खुर्ची जाईल माझी."

"आणि मला सहा महिने झाकून ठेवलंत, त्याचं काय?"

मग सरांनी शब्दावर रेघ ओढली. "तिथे काय लिहू?"

"'जाणूनबुजून.' आणि अक्षर ठळक काढा. त्या बाईंना मी स्वतः नेऊन देणार आहे."