मनकर्णावहिनींची दहीसाखर

मला लिहिण्याची सवय नाही. पण वहिनींबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि अख्ख्या अमडापुरात त्यांच्या हातची दहीसाखर माझ्याइतकी कोणी खाल्ली नसेल.

गल्लीतून कोणी परीक्षेला, मुलाखतीला नाहीतर कोर्टाच्या तारखेला निघालं, की माझ्या थोरल्या भावाची ही बायको वाटी घेऊन दारात उभी. एसटी सुटली तरी चालेल, तळहातावर चमचाभर पडल्याशिवाय माणूस सुटायचा नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली. तिचं साखर ओढणं बंद पाडणारी गोळी डॉक्टरांनी सुरू केली. गोळी लागू पडली का, ते शहरातल्या तपासणीत कळणार होतं. शिरेतून साखरेसारखं औषध सोडायचं आणि गाठ ते खाते का, ते पडद्यावर पाहायचं. त्याआधी पोटात पाण्याशिवाय काही जायला नको. साखर तर नकोच.

निघायच्या सकाळी दार उघडलं, तर बाहेर सारी गल्ली वाट्या घेऊन उभी.

"हात करा काकू," सुचिता म्हणाली. "मले दर पेपरले देल्ली तुम्ही. आज माही पाळी."

"डॉक्टरनं मनाई केली," मी म्हणालो. माझा आवाज सहसा कोणाला ऐकू जात नाही. तेव्हाही गेला नाही. आणि दारातली दहीसाखर नाकारू नये, हे गल्लीला वहिनींनीच शिकवलेलं.

वहिनींनी हात पुढे केला. चमचाभर पडताच त्या माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, हात करा."

"काऊन?"

"माह्या वाटची तुम्ही खा."

"वहिनी, मले शुगर हाय!"

"मंग अर्धी कचरूले द्या. तो तं रिकामाच उभा हाय."

"म्या वाटी आणली न काकू!" कचरू म्हणाला, पण त्यानं हात पुढे केला. अकरा वाट्या होत्या. आम्ही दोघांनी संपवल्या. वहिनी मात्र उपाशीपोटीच गाडीत बसल्या.

चार दिवसांनी डॉक्टरांनी अहवाल समोर ठेवला. "गाठीनं साखर जवळपास घेतलीच नाही, आजी. उपाशी आहे ती. गोळी चालू ठेवा."

वहिनी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "माह्या घरी येऊन उपाशी राह्यली, अशी ही पह्यलीच."