कॉकवरची चिंधी

“वाळूत लिंबू लावायला गेला आन् हसं करून घेतलंन्...” आप्पांच्या दहाव्याला, रोह्याच्या घाटावर, माझ्यामागे कुणीतरी कुजबुजलं. दुसरा म्हणाला, “लिंबू कसला, नुसता पाला!” मी वळून पाहिलं नाही.

आप्पा माझे थोरले काका. कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या, कुंडलिका नदीकाठच्या रेताड तुकड्यात लिंबं लावली. पावसाळा सरला की ती जमीन तव्यासारखी कोरडी व्हायची, आणि आप्पांना नेमकं तेच हवं होतं. देशावरच्या एका बागायतदाराकडे राहून ते शिकून आले होते : थंडीत झाडांचं पाणी तोडायचं, पानं गळू लागेपर्यंत थांबायचं, मगच पाणी सोडायचं, म्हणजे फूल धरतं. हा ताण. तो चालू असला की टाकीच्या कॉकला ते तांबडी चिंधी बांधत. “तहान लागल्याबिगर झाड फुलत नाय गो,” म्हणायचे.

झाडं पहिल्यांदा ताणावर आली, तेव्हा मी तेरा वर्षांची होते, पेणच्या इंग्रजी शाळेतली. नाताळच्या सुट्टीत रोह्याला गेले तर पानं वळून मलूल लोंबत होती. मला बघवेना. आप्पा दुपारी आडवे झाले की मी चिंधी सोडायचे, कॉक उघडायचे, आणि ते उठायच्या आत कॉक बंद करून चिंधी होती तशी बांधून ठेवायचे. रेती पाणी पिऊन टाकायची. मागे खूणही उरत नसे.

फेब्रुवारीत सगळी झाडं हिरवीगार झाली. फूल मात्र एकही नाही. नाक्यावर लोक विचारायचे, “काय आप्पा, सरबत कधी?” दुसऱ्या वर्षी त्यांनी ताण दिलाच नाही. “जमीनच लिंबाची नाय,” म्हणाले, झाडं मुळासकट काढली, कॉकला चिंधी कायमची बांधून टाकली आणि त्या वयात पुन्हा कंत्राटी शिफ्ट धरली. मी गप्प राहिले... पुढेही राहिले.

शेवटच्या भेटीत ते अंथरुणावर होते. छताकडे बघत म्हणाले, “ताणावर आठ दिवस अजून ठेवायला पायजे व्हतं का गो?” मी त्यांची चादर सारखी केली.

काल काकूंकडे गेले होते. टाकी रिकामी, कॉक गंजलेला, त्यावर विटलेली चिंधी तशीच. काकू माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. “लय जीव लावला व्हता यांनी. पण हाताला यश नव्हतं गो.”

मी चिंधीची गाठ सोडली.

“काकू, आप्पांचं काही चुकलं नव्हतं. ते झोपले की हा कॉक मी उघडायचे.”